ब्रुकलिनचीं चित्रकार्डें आणि हातची सही

पुठ्ठ्याच्या एका लहानशा तुकड्याविषयीं आज मी बोलणार आहें. हा तुकडा १९५२ सालचा. लांबी पावणेचार इंच, रुंदी अडीच इंचांहून किंचित् अधिक. पुढच्या बाजूस बेसबॉल खेळणाऱ्या एका खेळाडूचें रंगीत चित्र, त्याखालीं त्याचें नांव, त्याच्या संघाचें चिन्ह, आणि त्या नांवाजवळच त्याच्या सहीची छापील प्रतिकृति. मागच्या बाजूस उंची, वजन, जन्मस्थळ आणि आजवरच्या खेळाचे आंकडे. अमेरिकेंत असलीं कार्डें च्युइंग गमच्या, म्हणजे चघळण्याच्या गोड डिंकाच्या, पुडींतून मिळत.

नवल वाटण्याजोगी गोष्ट ही कीं, सही छापलेली असतांहि मुलें तें कार्ड घेऊन क्रीडांगणाच्या दाराशीं तासन् तास उभीं राहत, आणि खेळाडू बाहेर आला कीं त्याच कार्डावर त्याची सही करून घेत. जें नांव कार्डावर दोनदां छापलेलें आहे, तें तिसऱ्यांदा हातानें लिहवून घेण्याचा हा खटाटोप कशासाठीं? या प्रश्नाच्या मागें लागलें म्हणजे सव्वाशें-दीडशें वर्षांचा एक इतिहास हळूहळू उलगडतो. काडेपेट्यांचे छाप आणि पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्या, किंवा थोरांच्या सह्यांची वही जपून ठेवणाऱ्या आपल्याकडील घरांना तो अगदींच परका वाटणार नाहीं.

या कार्डांचा जन्म तंबाखूच्या व्यापारांत झाला. १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांतून विकल्या जात. पाकीट चेपून आंतील सिगारेटी मोडूं नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. तो कोरा ठेवण्यापेक्षां त्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुन्हां तेंच पाकीट मागेल, ही युक्ति व्यापाऱ्यांना सुचली. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीनें १८८७ त नामांकित खेळाडूंचीं सुरेख रंगीत चित्रें काढलीं. न्यू यॉर्कच्या गुडविन कंपनीनें आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर शेंकडों खेळाडूंचीं छायाचित्रें दिलीं. त्या काळच्या कॅमेऱ्यास उडता चेंडू टिपतां येत नसे. म्हणून छायाचित्रकाराच्या खोलींत दोऱ्यानें चेंडू टांगीत, आणि खेळाडू तो झेलण्याचा आव आणून स्तब्ध उभा राही. कांहीं कार्डांवर तो दोरा आजहि स्पष्ट दिसतो.

१८९० त जेम्स ड्यूक यांनीं प्रमुख सिगारेट-कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापिली. चढाओढ संपली, तशी गिऱ्हाइकास भुलविण्याची गरजहि संपली, आणि कार्डें मागें पडलीं. पुढें १९०९ ते १९११ या काळांत त्याच कंपनीनें एक मोठी मालिका काढली. तींतील पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर यांचें कार्ड त्यांच्या हरकतीमुळें लवकरच मागें घ्यावें लागलें. मुलांनीं आपल्या चित्रासाठीं तंबाखू विकत घेऊं नये म्हणून त्यांनीं मना केलें, असें कोणी म्हणतात. मोबदला मिळाला नाहीं म्हणून, असें दुसरे म्हणतात. कारण कोणतेंहि असो, खेळाडूच्या चित्रावर खेळाडूचा अधिकार किती, हा प्रश्न तेथें प्रथम डोकावला. चाळीस वर्षांनीं तो न्यायालयांत जावयाचा होता.

१९११ त सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ड्यूक यांची मक्तेदारी मोडली. त्यानंतर कार्डें हळूहळू तंबाखूच्या दुकानांतून मिठाईच्या दुकानांत आलीं. १९३३ त बोस्टनच्या गाउडी कंपनीनें गमबरोबर कार्डें दिलीं. त्या मालिकेंत सुप्रसिद्ध बेब रूथ यांचीं चार निरनिराळीं कार्डें आहेत. आतां बापाच्या पाकिटांतून पोरानें मागून घेण्याची ही वस्तु राहिली नव्हती. मूल स्वतःच्या पैशानें ती विकत घेऊं लागलें.

मुलांच्या या खेळण्याकडे अभ्यासाच्या दृष्टीनें पाहणारा एक मनुष्य त्याच सुमारास पुढें आला. जेफर्सन बर्डिक हे सिरॅक्यूज येथील विजेचें साहित्य बनविणाऱ्या कारखान्यांतले साधे कामगार. संधिवातानें त्यांचे हात वांकडे झाले होते. त्यांनीं निरनिराळ्या कंपन्यांच्या छापील कार्डांची सूचि तयार केली आणि प्रत्येक मालिकेस अक्षर व क्रमांक दिला. वॅग्नर यांचें कार्ड ज्या मालिकेंतील, तिला जगभर ‘टी-२०६’ म्हणतात, तें बर्डिक यांनीं दिलेलें नांव. आपला तीन लाखांहून अधिक कार्डांचा संग्रह त्यांनीं न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दान दिला, आणि दुखऱ्या हातांनीं तीं कार्डें वह्यांत चिकटविण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. १९६३ च्या जानेवारींत तें काम संपलें. मार्चमध्यें ते वारले. त्यांनीं संग्रह विकला नाहीं. कार्ड हें काळाचें साक्षीदार आहे आणि साक्षीदार नीट जपावा, एवढाच त्यांचा हेतु होता.

आतां आपण न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत येऊं. येथें ‘डॉजर्स’ नांवाचा बेसबॉलचा संघ होता आणि एबेट्स फील्ड हें त्याचें क्रीडांगण. या संघावर ब्रुकलिनच्या लोकांचा जीव किती होता, हें सांगतांना तेथील लेखक आजहि हळवे होतात. कित्येक खेळाडू त्याच वस्तींत भाड्याच्या घरांतून राहत. गिल हॉजेस यांनीं तर ब्रुकलिनच्याच मुलीशीं लग्न करून तेथें कायमचें घर केलें. मुलांना हे लोक मैदानावर दिसत तसेच किराण्याच्या दुकानांतहि दिसत. १५ एप्रिल १९४७ रोजीं याच संघानें जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानांत उतरविलें, आणि विसाव्या शतकांत अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांना जी वर्णभेदाची भिंत घातलेली होती ती पाडली. पाठोपाठ रॉय कॅम्पनेला आणि डॉन न्यूकोम आले. ज्या देशाच्या कित्येक भागांत गोऱ्या व काळ्या मुलांना एका शाळेंत बसतां येत नव्हतें, त्या देशांत गोरें मूल कृष्णवर्णीय खेळाडूचें चित्र खिशांत जपून ठेवूं लागलें. पुठ्ठ्याच्या तुकड्यानें केलेलें हें काम लहान म्हणतां येत नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या टॉप्स कंपनीनें १९५२ चीं तीं कार्डें काढलीं, तीहि ब्रुकलिनचीच. साय बर्गर या तिच्या तरुण नोकरानें एका सहकाऱ्यासह त्यांची आंखणी केली. संघाचें चिन्ह, आंकडे आणि सहीची प्रतिकृति यांचा असा मेळ मुलांना फार आवडला. एकंदर कार्डें ४०७. पहिल्या क्रमांकाचें कार्ड डॉजर्सच्याच अँडी पॅफ्को यांचें. मुलें कार्डें क्रमानें लावून रबराच्या पट्ट्यानें बांधीत. त्यामुळें सर्वांत वरच्या पॅफ्कोंच्या कडा झिजत आणि अंगावर पट्ट्याचे वळ उठत. हें कार्ड धड स्थितींत मिळणें आजहि कठीण, त्याचें कारण एवढेंच.

मालिकेचा शेवटचा भाग, म्हणजे ३११ पासून पुढचीं कार्डें, हंगाम संपतांसंपतां बाजारांत आला. तोंवर मुलांचें मन फुटबॉलकडे वळलें होतें आणि दुकानदारांनीं नवा माल फारसा घेतला नाहीं. याच भागांत ३१२ वें कार्ड रॉबिन्सन यांचें, ३१४ वें कॅम्पनेला यांचें, ३३३ वें संघनायक पी वी रीझ यांचें. म्हणजे ब्रुकलिनच्या मुलांना जे सर्वांत प्रिय, तेच सर्वांत कमी खपले. उरलेले गठ्ठे गुदामांत पडून राहिले. १९६० त आपण ते पडावावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक समुद्रांत टाकून दिले, असें बर्गर पुढें सांगत असत.

सही मिळविण्याचे मार्ग दोन होते. एक, मैदानाच्या दाराशीं गांठणें. दुसरा, कार्ड पत्रांत घालून, परतीचें तिकीट लावलेलें व स्वतःचा पत्ता लिहिलेलें पाकीट जोडून खेळाडूस पाठविणें. कोणी आठ दिवसांत परत करी, कोणी वर्षांनीं, कोणी मुळींच नाहीं. शिवाय पुष्कळ संघांत खेळाडूंचें सामान सांभाळणारे नोकरच त्यांच्या वतीनें सह्या ठोकीत. बिचाऱ्या मुलास तें कळत नसे. लेखणीचाहि इतिहास यांत गुंतला आहे. न्यू यॉर्कच्या दुकानांत बॉलपेन विकण्यास आलें तें १९४५ च्या ऑक्टोबरांत. त्यापूर्वींच्या सह्या बहुधा टांकाच्या वा झरणीच्या शाईच्या. गुळगुळीत पुठ्ठ्यावर ती शाई सहज पसरे. जाड टोंकाचीं, न पुसणारीं शाईचीं पेनें सर्रास वापरांत आलीं तीं १९६४ नंतर. तेव्हां रॉबिन्सन यांची सही असल्या पेनानें केलेली असेल तर ती बहुधा १९६४ ते १९७२ या काळांतील असावी. कारण १९७२ च्या ऑक्टोबरांत, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ते वारले.

ब्रुकलिनच्या लोकांनीं आपल्या संघाची फार वाट पाहिली. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पांच वेळां अंतिम मालिकेंत न्यू यॉर्क यांकीजनें त्यांना हरविलें. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजीं सातव्या सामन्यांत जॉनी पॉड्रेस यांनीं यांकीजला एकहि धांव करूं दिली नाहीं, आणि डॉजर्स दोन विरुद्ध शून्य अशा फरकानें जिंकले. ब्रुकलिनच्या भाग्यांत हें जेतेपद एकदांच होतें. दोनच वर्षांनीं, १९५७ चा हंगाम संपल्यावर, मालक वॉल्टर ओमॅली यांनीं संघ तीन हजार मैलांवरच्या लॉस एंजेलिसला हलविला. १९६० त एबेट्स फील्ड पाडून टाकलें आणि त्या जागीं राहण्याच्या इमारती उठल्या.

संघ गेला, मैदान गेलें. मुलांच्या हातीं उरलीं तीं कार्डें. आणि ज्यांच्या कार्डांवर हातच्या सह्या होत्या, त्यांच्या हातीं त्या खेळाडूंशीं झालेल्या भेटीची खूण उरली. त्या सहीची किंमत काय, हें कॅम्पनेला यांच्या हकीगतीवरून उमगतें. २८ जानेवारी १९५८ च्या पहाटे घरीं परततांना निसरड्या रस्त्यावर त्यांची मोटार उलटली आणि मानेखालचें शरीर पंगु झालें. लॉस एंजेलिसच्या संघांतून त्यांना एकहि सामना खेळतां आला नाहीं. १९५९ त टॉप्सनें त्यांना चाकांच्या खुर्चींत बसलेले दाखविणारें कार्ड काढलें आणि त्यावर ‘धैर्याचें प्रतीक’ असें शीर्षक दिलें. आतां हिशेब करून पाहा. १९५२ च्या अखेरीस आलेल्या कार्डावर त्यांच्या मोकळ्या हाताची सही पडण्यास साडेपांच वर्षांहूनहि कमी अवधि मिळाला. पुढील काळांत साधनाच्या मदतीनें केलेल्या त्यांच्या सह्या दिसण्यांत अगदीं निराळ्या आहेत. छापील सही मात्र प्रत्येक कार्डावर जशीच्या तशी आहे. तिला ना अपघात, ना वार्धक्य. हातची सही त्या मनुष्याबरोबर जगते, थरथरते आणि थांबते. मूल दाराशीं उभें राहत असे तें यासाठींच, जरी त्याला तें शब्दांनीं सांगतां आलें नसतें.

त्यामुळेंच ज्यांना ब्रुकलिनचा सारा संघ सह्यांसह जमवावयाचा आहे, त्यांची शर्यत काळाशीं असते. हॉजेस १९७२ त, फुरिलो १९८९ त, कॅम्पनेला १९९३ त, रीझ १९९९ त, न्यूकोम २०१९ त आणि कार्ल अर्स्काइन २०२४ त, सत्त्याण्णवाव्या वर्षीं, गेले. एकेका नांवापुढें रेघ पडत गेली, आणि त्या रेघेपलीकडे नवी सही मिळणें नाहीं.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हा भाव गोड आहे खरा, परंतु ज्यांच्या चित्रांवर कंपन्यांनीं पैसा केला त्या खेळाडूंना काय मिळालें? हा आक्षेप रास्त आहे. १९५३ त टॉप्स व तिची प्रतिस्पर्धी कंपनी यांच्या दाव्यांत न्यायमूर्ति जेरोम फ्रँक यांनीं निर्णय दिला कीं, आपल्या चित्राच्या प्रसिद्धीस जें मोल आहे त्यावर मनुष्याचा स्वतंत्र हक्क असतो. ‘प्रसिद्धीचा हक्क’ ही कल्पना अमेरिकेच्या कायद्यांत या निकालानें रूढ झाली. तिचें मूळ मुलांच्या गमच्या पुडींत आहे. हक्क मिळाला तरी पैसा थोडाच होता. टॉप्स एका खेळाडूस वर्षाला १२५ डॉलर देई. खेळाडूंच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनीं १९६८ त छायाचित्रांस नकार देण्याचें अस्त्र वापरून ती रक्कम दुप्पट करून घेतली आणि विक्रींत टक्केवारीहि मिळविली. तेव्हां पुढें सही करण्याचे पैसे मागणाऱ्या वृद्ध खेळाडूस एकदम लोभी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच्या उमेदीच्या काळांत त्याला मिळालें तें आजच्या मानानें फारच थोडें होतें.

पण पैसा आला तसे त्याचे विकारहि आले. १९८० नंतर शहरोशहरीं कार्डांचीं प्रदर्शनें भरूं लागलीं. तेथें टेबलापुढें रांग लावून, पैसे भरून सही घ्यावयाची. डॉजर्सचे ड्यूक स्नायडर हे ब्रुकलिनच्या एका पिढीचें दैवत. अशा प्रदर्शनांतून मिळालेली रोख रक्कम प्राप्तिकरापासून लपविल्याचा गुन्हा त्यांनीं १९९५ त कबूल केला, आणि त्यांना दंडाची शिक्षा झाली ती ब्रुकलिनच्याच न्यायालयांत. ज्या वस्तींत मुलें त्यांच्या सहीसाठीं ताटकळत, त्याच वस्तींत त्या सहीचा हिशेब न्यायाधीशापुढें मांडावा लागला.

याहून वाईट प्रकार बनावट सह्यांचा. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्यानें सॅन डिएगो येथून एक मोठी चौकशी चालविली, तेव्हां खोट्या सह्यांचे कारखानेच हातीं लागले. एका टोळीनें तर मदर तेरेसा यांची सही केलेले बेसबॉल विकावयास काढले होते! यानंतर २००१ त बेसबॉलच्या मुख्य मंडळानें एक व्यवस्था सुरूं केली. पोलिसखात्यांतला आजी किंवा माजी माणूस सही होतांना प्रत्यक्ष हजर राहतो, आणि वस्तूवर क्रमांकाची चमकती चिकटपट्टी लावतो. कंपन्यांनींहि सही केलेलीं कार्डें पुडींत घालण्यास आरंभ केला होता. १९९० त अपर डेक कंपनीनें रेजी जॅक्सन यांच्या सहीचीं २,५०० कार्डें पुड्यांतून सोडलीं. पुढें सोयीसाठीं खेळाडू पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या ताव्यांवर घरीं बसून शेंकडों सह्या करूं लागला, आणि कारखान्यांत त्या कार्डांवर डकविल्या जाऊं लागल्या. सही अस्सल, पण ज्या कार्डावर ती आहे तें कार्ड खेळाडूनें पाहिलेलेंहि नसतें, मग तें घेणाऱ्यास पाहणें दूरच.

२०२२ च्या ऑगस्टांत याच १९५२ च्या मालिकेंतील ३११ व्या क्रमांकाचें, यांकीजच्या मिकी मँटल यांचें एक कार्ड लिलांवांत १ कोटि २६ लाख डॉलरांस गेलें. त्याच्या पुढचें ३१२ वें कार्ड आपल्या रॉबिन्सन यांचें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत असेल. मँटल यांच्या त्या कार्डास एवढी किंमत आली, कारण तें जसें छापलें तसेंच राहिलें होतें. कडा तीक्ष्ण, रंग ताजे, जणुं कोणा मुलाचा हात त्याला कधीं लागलाच नाहीं. सह्या जमविणारा याच्या उलट वाटेनें जातो. कोऱ्या कार्डांच्या बाजारांत ज्याला ‘लिहून खराब केलेलें’ म्हणतील, तें त्याला हवें असतें. मळलेलें, दुमडलेलें, खिशांतून फिरलेलें कां असेना, त्यावर ज्याचें चित्र त्याचाच हात फिरलेला असला म्हणजे झालें. या दोन्ही छंदांत लबाडीस वाव आहे आणि दोहोंत प्रेमहि आहे. पण दुसऱ्यांत दोन माणसांची गांठ पडावी लागते, आणि माझा कौल त्याला आहे.

जातां जातां एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. इतक्या बनावट सह्यांच्या अनुभवानंतर तज्ज्ञांना सर्वांत अधिक विश्वास वाटतो तो सहीच्या वळणाइतकाच तिच्या मागच्या हकीगतीचा. कोठें, कोणत्या दिवशीं, कोणासमक्ष सही झाली, याची त्याच वेळीं केलेली नोंद असली म्हणजे पुष्कळ वाद मिटतात. आपल्या घरींहि जुन्या वहींत एखाद्या गायकाची, खेळाडूची वा देशसेवकाची सही असेल. ज्यांनीं ती घेतली ते वडील माणूस हयात असतील, तर या रविवारीं त्यांना जवळ बसवून ती हकीगत विचारावी, आणि सहीचें पान न खराब करतां निराळ्या कागदावर तारखेसह लिहून त्या वहींत ठेवावी. सही जपली जाईलच. तिची हकीगत मात्र ती सांगणाऱ्या माणसाबरोबर जाते.